काट्याला बांधलेला बिब्बा

मला शिकवता येतं, पण शिकवताना राग येतो. दोन्ही गोष्टी एकदमच होतात, त्याला माझा इलाज नाही. बसस्टँडजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचे, आणि तिथल्या पोरी माझ्यामागे मला 'तापला तवा' म्हणायच्या. मला ते माहीत होतं. म्हणू देत. माउस हातात धरून टेबलाऐवजी हवेत फिरवणाऱ्या माणसाला शांतपणे समजावून सांगणं कुणाला जमत असेल तर त्यानं खुशाल येऊन शिकवावं.

दोन हजार साल उलटून थोडेच दिवस झाले होते. आमच्या जालन्यात तेव्हा कॉम्प्युटरवर लग्नातल्या रुखवतासारखं कापड झाकून ठेवायचे आणि चपला बाहेर काढून त्याच्यासमोर बसायचे. त्या वर्षी पाऊस सरता सरता मला पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी लागली. दिवाळी झाली की रुजू व्हायचं होतं. तेव्हापासून माझं एका जागी बूड टेकेना. घरात असले की क्लासला जावंसं वाटायचं, क्लासला गेले की घरी परतावंसं. बॅग भरायची, मग त्यातलाच ड्रेस लागायचा म्हणून परत उपसायची. दिवस मोजायचे नाहीत असं ठरवायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन उभी राहायचे.

अडचण एकच होती. आबा.

आबा म्हणजे माझे वडील. आई मी शाळेत असतानाच गेली, भावंडं नाहीत, घरात आम्ही दोघंच. आबा नदीपलीकडच्या तालमीत वस्ताद होते. सगळी हयात त्यांची लाल मातीत गेली. मग त्या जागेवर दुकानांचे गाळे बांधायचं ठरलं आणि तालमीची माती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून कुठल्या तरी खड्ड्यात नेऊन टाकली. त्यानंतर आबा वर्षभर घरी बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसले, बाजेवर, दाराकडे तोंड करून. कुणी आलं की 'या' म्हणायचे, गेलं की 'बरं' म्हणायचे. मी ते वर्ष पाहिलेलं आहे. पहाडासारखा माणूस बाजेवर बसून बसून विझत जाताना बघणं काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

नशिबानं एका लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या मुलानं बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात जिम काढली. भिंतीला आरसे, एसी, पळायची मशीन, सगळं झगमग. जुन्या घरांतली पोरं वस्तादांच्या नावावर येतील म्हणून त्यानं आबांना ट्रेनर केलं. गेटवर आणि मशीनच्या तेलपाण्याला चाचांना ठेवलं. चाचा म्हणजे आबांचे जुने जोडीदार. जवानीत आष्टीकडच्या, धावड्याकडच्या जत्रांत दोघं एकमेकांना आलटून पालटून चितपट करायचे, आणि आता एका बशीत चहा ओतून प्यायचे. जिम सुरू झाली आणि आबा बाजेवरून उठले. मी पुण्याला जाऊ शकत होते ती एवढ्याच जोरावर. आबांची जिम टिकली तर मी जाणार, सुटली तर त्यांना त्या बाजेवर एकटं सोडून माझा पाय निघणार नव्हता. आमच्या घरात हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण दोघांनाही पक्कं माहीत होतं.

अशात मालकानं मला बोलावणं धाडलं. पुण्यामुंबईकडे बघून त्यानं कॉम्प्युटर आणला होता आणि लाल आकड्यांचा इलेक्ट्रिक वजनकाटा, ज्याचा आकडा चढणाऱ्याला नाही, समोरच्या मोजणाऱ्यालाच दिसायचा. दर सोमवारी प्रत्येक मेंबरचं वजन, छाती, दंड मोजायचा, कॉम्प्युटरमध्ये भरायचा, आणि कुणाचं अंग किती भरलं त्याचा आलेख छापून दारातल्या बोर्डावर लावायचा. गिऱ्हाइकाला रिझल्ट दिसला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. स्टाफला हे सगळं मी शिकवायचं. तो बोलायला गोड होता. गोड आवाजातच त्यानं सांगितलं की दिवाळीपर्यंत यांना जमलं तर ठीक, नाहीतर औरंगाबादहून डिप्लोमावाला पोरगा येतोय, मग वस्तादांनी घरी आराम करावा.

आराम. म्हणजे ती बाज.

दुपारी जिम बंद असायची, तेव्हा मी शिकवायला जायचे. काय सांगू. चाचा कीबोर्डला हात लावण्याआधी हात धुऊन यायचे आणि ओल्या हातानंच बटणं दाबायचे. एक बटण दाबलं की मागे सरकून बसायचे, फटाका पेटवल्यासारखं. आबांची बोटं एवढी जाड की एकाच वेळी दोन अक्षरं उमटायची. त्यात लोडशेडिंग. चार ओळी भरून होत नाहीत तोवर लाइट जायची आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी ओरडायचे. चाचा कौतुकानं आबांकडे बघून म्हणायचे, पोरगी बिलकुल तुझ्यावर गेलीय, तूबी असाच बोंबलत व्हतास तालमीच्या हौद्यात.

माझ्या रागाला आणखी एक कारण होतं. आबा सारखे पाणी प्यायचे. शिकवायला बसलं की दहा मिनिटांत उठायचे, तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन यायचे, परत बसायचे, परत उठायचे. घरी तेच. आमच्याकडे नळ कधी येईल याचा नेम नाही, ड्रममधलं पाणी मी तोलून मापून वापरायचे, आणि हा माणूस रिकामे करतोय तांब्यावर तांबे. एकदा मी बोललेच, आबा, जिभेला जरा आवर घाला, टँकर काय आपल्या दारात बांधलाय का? ते नुसते हसले. दुसरं म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात अंगात स्वेटर. वर जिमचा ट्रॅकसूट, आत स्वेटर. विचारलं तर म्हणायचे, त्या एसीनं हाडं गारठतात. एसी तर अर्धा वेळ बंदच असायचा. पण मी फार खोलात गेले नाही. मला कुठं वेळ होता, माझं अर्धं मन पुण्याच्या गाडीत जाऊन बसलेलं होतं.

पण एक कबूल करायला पाहिजे, दोघं शिकले. कसे शिकले देवाला ठाऊक, पण शिकले. मशीन बसवायला आलेल्या कंपनीच्या माणसानं सगळ्या मेंबरांची पहिली मापं घेऊन ठेवली होती. त्यानंतरच्या सोमवारपासून आबांनी मोजायचं आणि मोठ्यानं आकडा सांगायचा, चाचांनी तो भरायचा, अशी वाटणी झाली. सकाळी पुरुष शर्ट काढून मापं द्यायचे म्हणून मी तिथं थांबत नव्हते. पहिला सोमवार पार पडला आणि मी हुश्श केलं. घरी आल्यावर बॅग पुन्हा भरली.

तिसऱ्या सोमवारनंतर मालकाचा निरोप आला, ताबडतोब या. गेले तर बोर्डासमोर ही गर्दी. प्रत्येक आलेख खाली उतरत होता. एक म्हणून वर जाईना. रोज सकाळी घाम गाळणारे, अंडी खाणारे, आरशासमोरून न हलणारे सगळे पैलवान कागदावर आठवड्यागणिक वाळत चालले होते. आडत बाजारातल्या एका दुकानदाराचा मुलगा होता, आधीच पाप्याचं पितर, तो तर हवेत विरून जायच्या बेतात आलेला. तो रडकुंडीला येऊन विचारत होता, मला काही आजार तर न्हाई ना झाला? मालकाचा गोडवा संपला होता. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की हे असंच राहिलं तर तो दिवाळीचीसुद्धा वाट बघणार नाही.

मी आधी प्रोग्रॅम तपासला. ठीक होता. मग वाटलं चाचा आकडे उलटसुलट भरतात. त्यांना समोर बसवून भरायला लावलं, एकही चूक नाही. मग काटाच बिघडला असेल म्हणून समोरच्या किराणा दुकानातून पिठाची सीलबंद गोणी आणून काट्यावर ठेवली. काटा चोख. आबा कोपऱ्यात उभे राहून माझी ही धावपळ बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मी विचारलं, आबा, काट्यावर येतो तोच आकडा सांगता ना तुम्ही?

आबा म्हणाले, "कसं सांगन? अंगाचं माप चारचौघात सांगत नसतेत, माय. लेकरं भरून राह्यलेत. भितीवर टांगलं तर कुणाची बी नजर लागंल."

मी मटकन खुर्चीवर बसले. तालमीची ही रीत मी लहानपणापासून ऐकलेली होती, पण ती इथं या लाल आकड्यांपर्यंत चालत येईल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. तालमीत कुणी कुणाचं वजन विचारत नाही. पोरगं कितीही भरलं तरी वस्ताद म्हणणार, काही नाही, वाळलंय, दूध वाढवा. आबांनी स्वतःचं वजन मला तर सोडाच, आईलाही कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या हाताखालच्या एका पोराचं वजन कुठल्या तरी जत्रेत पुकारणाऱ्यानं भोंग्यावरून सांगितलं आणि त्याच दिवशी त्याचा गुडघा गेला, तो कायमचा. आबा त्या पोराला खांद्यावर घालून घरी पोचवून आले होते. आता ते प्रामाणिकपणे आपल्या लेकरांची राखण करत होते. आठवड्यागणिक ज्याचं अंग जास्त भरलं त्याचं माप आणखी खाली आणत होते. आणि चाचांना हे सगळं माहीत होतं, त्यांनीही त्यात मान डोलावली होती.

मग मी जी सुरू झाले ती थांबेना. म्हणाले, तुम्ही त्यांची नजर काढताय आणि मालक तुम्हाला काढतोय. लोक पैसे देऊन आकडा वाढलेला बघायला येतात, तुम्ही त्यांना भुईत घालताय. चाचा मध्ये काही बोलायला गेले तर त्यांनाही झापलं. शेवटी शब्द संपले, राग मात्र उरला, तेव्हा तोंडाला आलं ते बोलले, "मंग एक काम करा. लेकरांच्या गळ्यात बांधतेत तसा त्या काट्यालाच बिब्बा बांधा. लागू द्या नजर मशीनला."

आबांनी वाकून काट्याचा पाया न्याहाळला. मग म्हणाले, "हे बराबर बोललीस."

मी कपाळावर हात मारला. मी टोमणा मारला होता हो. पण ते आणि चाचा तसेच उठले, बाजारात गेले, काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा घेऊन आले आणि त्या परदेशी काट्याच्या पायाला घट्ट बांधून टाकला. मालकानं तो पाहिला, पण बोलला नाही. बोलणार कोणत्या तोंडानं, त्याच्या स्वतःच्या कारखान्याच्या दारात लिंबू-मिरची लटकत होती. पुढच्या सोमवारपासून आबांनी एकूण एक आकडा खरा सांगितला, मोठ्यानं, तालमीत डाव पुकारायचे तशा खड्या आवाजात. आलेख वर चढले. पाप्याचं पितर आपल्या कागदासमोर उभं राहून फोटो काढून घेत होतं. बोलाफुलाला गाठ पडली म्हणतात ती अशी. इतकी वर्षं शिकवून माझी सगळ्यात कामाला आलेली युक्ती ती, आणि ती रागात निघालेली.

दिवाळी चार दिवसांवर आली. मालकानं सांगून ठेवलं की दुपारी मी स्वतः येऊन बघतो, दोघांनी माझ्यासमोर सगळं करून दाखवायचं. आणि बोर्डावर सगळ्यात वर स्टाफचे आकडे लावा. ट्रेनरच दणकट दिसला नाही तर गिऱ्हाइकाचा भरवसा कसा बसणार? आमच्यासाठी ही शेवटची पायरी होती. मी सकाळपासून आतबाहेर करत होते. गाडीचं आरक्षण झालं होतं, ते तिकीट पर्समध्ये आहे का ते दहा वेळा बघून झालं होतं.

मालक यायच्या आधी मी म्हटलं, चला, स्टाफचं उरकून घेऊ. चाचा काट्यावर चढले, आकडा आला, त्यांनी स्वतःच जाऊन भरला. मग मी आबांना म्हटलं, या. आबांना तहान लागली. पाणी पिऊन आले तर त्यांना डंबेल्स जाग्यावर लावायचे होते. ते लावून झाले तर आरसा पुसायचा होता. माझं डोकं सणकलं. "आबा, चढा म्हणते ना." ते ट्रॅकसूट आणि स्वेटरासकट चढायला निघाले, तर मी आणखी भडकले. सगळी दुनिया कपडे काढून वजन देते, तुमचं वेगळं काय आहे? काढा तो स्वेटर.

त्यांनी ट्रॅकसूटचं वरचं काढलं. स्वेटर काढला. त्याच्या आत दुसरा स्वेटर होता. तो काढला, मग आत दोन बनियन. आणि माझे आबा तिथं उभे होते, आणि मी त्यांना ओळखलं नाही. खांदे तेवढेच रुंद होते, पण खुंटीला सदरा अडकवावा तसं बाकीचं अंग त्यांवर लोंबत होतं. दंड, ज्याला मी लहानपणी झोके घ्यायचे, तो माझ्या मुठीत मावला असता. ते काट्यावर चढले. लाल आकडा जरासा हलला आणि थांबला.

तो आकडा मी इथं लिहिणार नाही. एवढंच सांगते की त्या दुकानदाराच्या मुलाचं वजन त्याच्यापेक्षा जास्त होतं.

मला सगळं एकदम दिसलं, ते तांबे, ते स्वेटर, ते हसून टाळणं. रोज समोर असलेलं माणूस झिजतंय हे रोज बघणाऱ्यालाच दिसत नाही. चाचांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर त्यांना आधीपासून माहीत होतं हे कळलं. मी आबांना विचारलं, मला का नाही सांगितलं?

आबा काट्यावरून उतरले आणि बनियन सारखं करत म्हणाले, "तुला दिवाळी झाली की जायाचंय. कळलं असतं तर गेली असतीस का?"

मला रडू येत होतं, आणि राग इतका आला की रडताही येईना. बाहेर मालकाच्या गाडीचा हॉर्न वाजला. खरा आकडा बोर्डावर लागला तर हा माणूस उद्या बाजेवर जाऊन बसणार, हे तिघांनाही कळत होतं. चाचांची बोटं बटणांवर तशीच थांबली होती. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "कित्ता लिखूं, बेटा?"

आकडा खराच भरायचा म्हणून आठवडाभर यांच्या कानाशी मीच बोंबलले होते. मी म्हटलं, "अठ्ठ्याऐंशी."

चाचांनी एकेक बटण दाबून अठ्ठ्याऐंशी लिहिलं आणि कागद छापून बोर्डावर लावला. मालक आत येईपर्यंत आबांनी दोन्ही स्वेटर चढवले होते. दोघांनी त्याच्यासमोर, त्यानं बरोबर आणलेल्या एका मेंबरचं माप घेऊन, भरून, छापून दाखवलं, एकही चूक न करता. मग मालकानं बोर्डाकडे पाहिलं, वस्तादांचा आकडा वाचला आणि आबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वा वस्ताद. या वयात ही तब्येत. मानलं बुवा."

तब्येत चारचौघात बोलून झाली होती. मी खाली वाकले, चप्पल नीट करतेय असं दाखवून काट्याच्या पायापाशी हात नेला आणि बिब्ब्याची गाठ चाचपून पाहिली. घट्ट होती. तरी मी ती आणखी एकदा ओढली.

दुसऱ्या दिवशी आबांना दवाखान्यात नेलं. साखर निघाली, ती पण भलतीच वाढलेली. तिकीट मी परत केलं. पुण्याच्या लोकांनी थोडे दिवस वाट बघितली आणि दुसरं कुणी घेतलं. आबा त्यावरून माझ्याशी सगळी दिवाळी बोलले नाहीत, फराळाचं ताट तेवढं समोर सरकवायचे. नंतर सुई घ्यायला लागले, हळूहळू अंगावर थोडं आलं, आणि जिम त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. दर सोमवारी तिथून त्यांचा खडा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू यायचा.

त्यांचं वजन मात्र मी घेत असे, रविवारी दुपारी, जिम बंद असताना. ते चढायचे, मी बघायचे, ते उतरायचे. शेजारपाजारचे, नातेवाईक, सगळे विचारायचे, आता कशी आहे वस्तादांची तब्येत, भरली का जरा?

मी म्हणायचे, कुठलं काय, वाळलेत.